ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल फिल्टर बदलताना

गाडीला क्लचचं पेडल नाही, एवढ्यावरून आत एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा, फिल्टर असेलच असं धरून चालू नका. मारुतीच्या एजीएससारख्या एएमटी गाड्यांत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तेवढं यंत्र करतं, त्यामुळे तिथे हा फिल्टर नसतोच. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइल निराळं आणि कामाची पद्धतही निराळी. सहा गिअरच्या वेट क्लच डीएसजीत (फोक्सवॅगनच्या, ऑइलमध्ये बुडालेले दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्समध्ये) फिल्टर बाहेरून काढता येतो. काही गिअरबॉक्समध्ये जाळी अशा ठिकाणी बंद असते, की पूर्ण गिअरबॉक्स खोलल्याशिवाय हात पोचत नाही. तिथे फक्त ऑइल बदलायचं. पुढची माहिती टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनची ताकद पोचवणाऱ्या भागाच्या) गिअरबॉक्सची आहे, ज्यात फिल्टर खालच्या पॅनच्या, म्हणजे ऑइल साठणाऱ्या थाळीच्या, आत बसतो.

'लाइफटाइम ऑइल', म्हणजे कधीच बदलावं न लागणारं ऑइल, या शब्दावर विसंबू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. रोज ट्रॅफिकमध्ये रखडणारी, सतत घाट चढणारी किंवा ट्रेलर ओढणारी गाडी असेल तर ६०,००० च्या आसपास हे काम उरकून घ्यावं. उष्णतेनेच एटीएफ लवकर खराब होतं.

सामान आधी जमवा: गाडीच्या मॅन्युअलमध्ये (माहितीपुस्तकात) सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल, सीलसकट फिल्टर, पॅनचं पॅकिंग, ड्रेन प्लगचं (ऑइल सोडायच्या बुचाचं) वायसर, कमी टॉर्क मोजणारा टॉर्क रेंच, ऑइल भरायचा हातपंप, ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर आणि धागे न सुटणारं फडकं. ग्रेडच्या बाबतीत तडजोड नको. डेक्सरॉन ६, टोयोटा डब्ल्यूएस आणि झेडएफ लाइफगार्ड ही एकाच ऑइलची तीन नावं नव्हेत. क्लच प्लेटांची पकड ऑइलमधल्या रसायनांवर ठरते. ग्रेड चुकला की गाडी झटके देते किंवा थरथरते.

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा. उकळतं नको, हात भाजतात. मग गाडी लिफ्टवर किंवा रॅम्पच्या खड्ड्यावर घ्या. नुसतं पुढून जॅकवर उचलून हे काम करू नका. गाडी तिरकी राहिली की शेवटची लेव्हल चुकणारच, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं.

ड्रेन प्लगला पाना लावण्याआधी वरचा फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सैल होतोय का ते बघा. तो गंजून अडकला असेल आणि ऑइल आधीच सांडून टाकलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. ऑइल मापाच्या भांड्यात काढा आणि आकडा लिहून ठेवा, पुढे तो लागतो. काही गिअरबॉक्समध्ये ड्रेनच्या भोकात एक उभी नळी असते. बाहेरचा प्लग काढल्यावर जेमतेम थोडंच ऑइल आलं, तर ती नळी आत अजून तशीच आहे. ती ॲलन कीने काढावी लागते.

पॅनचे बोल्ट सगळे एकदम काढू नका. एका कोपऱ्यातले दोन ठेवा, बाकीचे काढा आणि पॅन हळूच तिरका करा. ड्रेन केल्यावरही त्यात बरंच ऑइल उरतं. पॅन खाली आला की आधी चुंबक बघा. त्यावर करडा, मऊ लगदा असणं नेहमीचंच. बोटाला टोचणारे तुकडे किंवा पितळी चमक दिसली तर आत काहीतरी झिजतंय किंवा तुटतंय, आणि नवा फिल्टर त्यावर इलाज नाही. ऑइल दुधाळ गुलाबी असेल तर आत पाणी गेलंय: रेडिएटरमधला कूलर फुटला असेल किंवा पुराच्या पाण्यातून गाडी काढताना ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) शिरलं असेल. पाण्याने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं, म्हणून अशी गाडी तशीच चालवू नका.

सर्वांत जास्त चुका फिल्टर बसवताना होतात. जुना फिल्टर ओढला की त्याचं रबरी सील बऱ्याचदा वरच्या भोकातच चिकटून राहतं. ते न काढता नवा फिल्टर लावला तर एकावर एक दोन सील येतात आणि फिल्टर वाकडा बसतो. फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्यामुळे त्या फटीतून ऑइलबरोबर हवाही खेचली जाते. प्रेशर पडतं, पंप घूं घूं करतो, डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलते. टॉर्च मारून भोक तपासा, जुनं सील प्लास्टिकच्या हुकाने काढा. स्क्रू ड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि तिथूनच हवा शिरते. नव्या सीलला ताजं एटीएफ लावून फिल्टर हाताने सरळ दाबा.

झेडएफच्या ६ आणि ८ गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकच असतो, तो पूर्ण बदलावा लागतो. ६ गिअरवाल्यात पॅन उघडलाच आहे तर इलेक्ट्रिक कनेक्टरच्या बाहीचे ओ-रिंगही बदलून घ्या, ती गळतीची नेहमीची जागा आहे.

रबरी पॅकिंगला सिलिकॉन लावू नका. जादाचं सिलिकॉन आत तुटून पडतं आणि नव्याच फिल्टरच्या तोंडाशी अडकतं. पॅनचे बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेर आडवेतिडवे, मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. बहुतेक ठिकाणी तो ८ ते १२ न्यूटन मीटर असतो, काही टोयोटांत त्याहूनही निम्मा. गळती थांबवायला जोर लावणं हाच गळतीचा उगम ठरतो: पॅनची कड वाकते किंवा ॲल्युमिनियमचे आटे जातात.

आता काढलं होतं तेवढंच ऑइल भरा. इंजिन चालू करा, ब्रेक दाबून धरा आणि पी, आर, एन, डी प्रत्येकात काही सेकंद थांबत परत पी वर या. खरी लेव्हल इथून पुढे. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आलं की लेव्हल प्लग (लेव्हल बघायचं बूच) उघडायचा. झेडएफसाठी ते ३० ते ५० अंश असतं, इतरांचं मॅन्युअलमध्ये बघा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की प्लग लावायचा. काहीच आलं नाही तर आणखी भरायचं. तापमानावर एवढा भर का? २० अंशांपासून ८० अंशांपर्यंत एटीएफ ४ ते ५ टक्के फुगतं, म्हणजे ८ लिटरमागे तिसरा हिस्सा लिटर किंवा त्याहून जास्त. फार तापल्यावर लेव्हल लावली तर ऑइल कमी राहतं आणि घाटात, वळणावर पंप हवा ओढतो. थंडपणी लावली तर जास्त राहतं. फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसाने प्रेशर मिळत नाही.

पॅन काढून सगळं ऑइल बदलत नाही, निम्म्याहून जास्त टॉर्क कन्व्हर्टर आणि नळ्यांमध्ये राहतं. एकूण ९ लिटरमधलं ४ बदललं तर ४४ टक्के नवं झालं. काही दिवसांनी नुसतं ड्रेन करून पुन्हा ४ भरलं की साधारण ६९ टक्के. मशीनने जोरात फ्लश करण्यापेक्षा ही सावकाश पद्धत बरी. ऑइल काळं पडून जळका वास येत असेल आणि गिअर आधीच घसरत असतील, तर ऑइल बदलून दुरुस्तीची अपेक्षा ठेवू नका.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पॅनची कड कोरडी आहे का ते बघा. जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्या, गटारात नाही.