देणगी गोळा करायची नोकरी आलीय? आधी पैसा कुठं जातो ते बघा

कोल्हापुरात सामाजिक संस्थेसाठी देणग्या उभ्या करायचं काम मी काही वर्षं केलं. आता पदवी संपवून बाहेर पडणारी मुलं-मुली मोबाइल पुढं करून विचारतात, 'ताई, ही नोकरी घेऊ का?' मेसेज बहुधा एकाच वळणाचा असतो: एनजीओसाठी फंडरेझर पाहिजेत, अनुभवाची अट नाही, आठवड्याला पगार. मुलाखत व्हॉट्सॲपवर चार ओळींत संपते आणि लगेच ओळखपत्र, किट किंवा ट्रेनिंगसाठी पैसे मागतात. 'नंतर परत मिळतील' हेही ठरलेलं. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे मागत असेल तर पुढं बोलायचीही गरज नाही.

हे आता बऱ्याच जणांना कळतं. माझी खरी काळजी वेगळी आहे. काही ठिकाणी फी मागतच नाहीत. उलट म्हणतात, 'संस्थेच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, तोवर देणग्या तुमच्या खात्यावर घ्या, कमिशन ठेवून बाकीचे पुढं पाठवा.' इथं तुम्हाला नोकरी दिलेली नसते, तुमचं खातं वापरायला घेतलेलं असतं. येणारा पैसा पुष्कळदा देणगीचा नसतोच, दुसऱ्या कुणाला फसवून काढलेला असतो. त्या माणसानं तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत आधी खातेदाराच्या दारात येतात. खातं गोठतं. शिष्यवृत्ती त्याच खात्यावर येत असेल तर तीही अडकते, आणि 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करायला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून स्वतःचा क्यूआर कोड दाखवून कुणासाठीही देणगी घेऊ नका, संस्था कितीही ओळखीची वाटली तरी.

'सर्टिफिकेट मिळेल' म्हणून बिनपगारी इंटर्नशिप देणारेही असतात. काम एकच, ठराविक रक्कम गोळा करायची. मग मुलं मामा-काकांना लिंक पाठवत बसतात. यातल्या सगळ्याच संस्था खोट्या नसतात, पण याला कामाचा अनुभव म्हणायला माझं मन धजत नाही. यात नात्यांचा भरवसा खर्च होतो आणि शिकायला काही मिळत नाही.

संस्था तपासायला फार वेळ लागत नाही. सार्वजनिक न्यासाची नोंद 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते, तेव्हा नोंदणी क्रमांक मागा आणि धर्मादाय कार्यालयात विचारा. कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची, म्हणजे नफ्यासाठी नसलेली कंपनी म्हणून नोंदलेली संस्था असेल तर तिची नोंद कंपनी निबंधकांकडे सापडते. पण नुसत्या प्रमाणपत्राच्या फोटोवर विसंबू नका, चांगल्या संस्थेचा कागद उचलून वापरणं सोपं असतं. मेसेजमधला नंबर बाजूला ठेवा, संस्थेचा फोन स्वतः शोधा आणि विचारा, 'तुम्ही खरंच भरती करताय का? हा माणूस तुमचाच का?' बँक खातं संस्थेच्याच नावावर आहे का, तेही बघा. देणगीदाराला देणगीवरची आयकर सवलत (जिला 80जी म्हणतात) सांगायला लावत असतील तर लक्षात ठेवा, 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. रोख आणायचा आग्रह आणि सवलतीचं आमिष एकत्र आलं तर तिथं काहीतरी गडबड आहे.

खऱ्या नोकरीत नेमणुकीचं पत्र आणि ठरलेला पगार असतो, आणि पैसा थेट संस्थेच्या खात्यात जातो. काही संस्था एजन्सीमार्फत माणसं घेतात, त्यातही काही वावगं नाही. मात्र पगार कोण देणार आणि पावती कुणाच्या नावानं निघणार, हे लेखी घ्या. हे क्षेत्र मनापासून आवडत असेल तर कोल्हापुरातल्या सायबर (CSIBER) कॉलेजात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करणाऱ्यांना गाठा. फील्डवर्कसाठी ते संस्थांमध्ये जातात, त्यामुळे कुठं काम नीट चालतं याची त्यांना कल्पना असते.

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर जिल्ह्यात मदतीचा ओघ कसा आला, हे इथल्या सगळ्यांनी बघितलंय. अशा वेळी आवाहनांचाही पूर येतो. गावासाठी धावायची तुमची इच्छा असते आणि नेमकी तीच हेरून कुणीतरी 'पूरग्रस्तांसाठी काम' म्हणून फोन करतं. तेव्हाही वरची तपासणी सोडू नका.

पैसे गेले असतील किंवा तुमच्या खात्यातून फिरले असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. समोरच्यानं 'चॅट डिलीट कर' म्हटलं तरी करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. घरच्यांनाही त्याच दिवशी सांगा, म्हणजे पोलीस ठाण्यात सोबत कुणीतरी असेल.