घडीचा चाकू जाम झालाय? हात लावायच्या आधी एवढं जवळ ठेवा

मृग बहाराची संत्री बाजारात आली की नागपुरात घडीच्या चाकूंचे हाल सुरू होतात. रस आंबट, त्याने पात्याला गंज धरतो, वरून त्यातली साखर सांध्यात सुकून गोंदासारखी बसते, मग उन्हाळ्याची धूळ आणि खिशातलं सूत त्याच्यावर जमतं, आणि चाकू नखाने काही केल्या उघडत नाही. अशा वेळी लगेच तेल ओतू नका प्लीज, आतली घाण तशीच राहते आणि तेलाने अजून धूळ धरते. आधी सफाई, तेल शेवटी.

तर पहिले जागा. गॅलरीत बसा, खाली पेपर पसरा, टॉर्च घ्या, लहान मुलं आसपास नकोत. जाड रबरी हातमोजा हवाच, पातं पाठीकडून धरून ओढायचं, धारेकडून कधीच नाही, कारण मागची स्प्रिंग अर्ध्या वाटेत अचानक सोडते आणि पातं फटकन बोटावर येतं. पातं बाहेर आलं की मास्किंग टेपचे दोन वेढे धारेवर मारा, आणि टेप अडेल तिथपर्यंतच मागेपुढे करत राहा, पूर्ण मिटायची घाई नको.

मग मूठ कशाची आहे ते बघा, कारण सफाई कशाने करायची ते त्यावर ठरतं. प्लास्टिकची असेल तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरतात, लाकडाची किंवा शिंगाची असेल तर पाण्यात बुडवायचीच नाही, पाणी पिऊन फुगते. नुसत्या धातूची असेल आणि जुनं तेल चिकट झालं असेल तर थोडं रॉकेल चालतं, पण गॅस, उदबत्ती काहीच जवळ नको. जुना टूथब्रश, टूथपिक, इअरबड, सुती कापड हे सगळ्याला लागतं. पावसाळ्यात हेअर ड्रायरपण काढून ठेवा, आत पाणी राहिलं तर परत गंज.

सांध्यावर स्क्रू आहे की रिवेट (ठोकून पक्की केलेली खीळ) तेपण आधीच बघून घ्या. रिवेट असेल तर हातोडी लांब ठेवा. स्क्रू बहुतेक चांदणीच्या खाचेचा असतो, स्क्रूड्रायव्हरला टी६ किंवा टी८ मापाचं टोक (बिट) लागतं, दुसरं काही घुसवलं की खाच गोल झालीच समजा. पाव फेऱ्यापेक्षा कमीच सैल करा, पातं आडवं हलायला लागलं तर परत थोडं आवळा. स्क्रू अजिबात हलत नसेल तर आत लॉकिंगचा गोंद (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावतात तो) असू शकतो, ड्रायरने गरम करून बघा.

तेल म्हणाल तर शेंगदाण्याचं, करडीचं बिलकुल नको, काही महिन्यात तेच चिकट होतं. शिलाई मशीनचं चालेल, पण त्याच चाकूने फळं कापणार असाल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा, साधं मागा, मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिसळलेलं पोट साफ करायचं औषध हातात पडतं बरेचदा. टूथपिकच्या टोकावर एक थेंब घेऊन सांध्यात सोडा, उघड-मीट करा, पुसा, परत एक थेंब. कापडावर काळं उतरायचं थांबलं की टेप काढून चाकू पूर्ण मिटून बघा.

आणि चाकू नवाच असेल, आत घाण काहीच नाही, तर वरचं काहीच करू नका, एक थेंब तेल आणि रोज थोडी उघड-मीट, आपोआप सैल होतो.