जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या कूलिंग सिस्टीममधला दाब नेमका कुठून जातो?

पाणी रोज कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही. अशी गाडी आली की शिकाऊ हात सरळ रेडिएटर उतरवायला धावतात. आधी कॅप बघा.

कॅपवर दाबाचा आकडा असतो: ७, १०, १३ पीएसआय (चौरस इंचावर पौंडांत दाब), गाडीनुसार. १० पीएसआय टिकला तर साधं पाणीसुद्धा साधारण ११५ अंशांना उकळतं. स्प्रिंग मेली किंवा रबर कडक झालं की तेच पाणी १०० च्या आसपास उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं. आणखी एक फसगत नेकच्या, म्हणजे कॅप बसते त्या रेडिएटरच्या तोंडाच्या, खोलीची. वरच्या कडेपासून आतल्या बैठकीपर्यंत ती काही गाड्यांत पाऊण इंच, काहींत एक इंच असते. एक इंची नेकवर पाऊण इंची कॅप फिरते, घट्टही लागते, पण आतलं रबर बैठकीला टेकतच नाही. पट्टीने मोजा आणि मगच कॅप घ्या. जास्त दाबाची कॅप लावून बघायचा मोह आवरा. जुन्या पितळी रेडिएटरचे डाख उकलतात.

आता प्रेशर टेस्टर, म्हणजे दाबाचा काटा असलेला हातपंप. इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना कॅप उघडली तर उकळतं पाणी तोंडावर येतं. टेस्टर नेकवर बसवून कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब भरा आणि १५ मिनिटं काट्याकडे बघा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन होजची (रबरी नळ्यांची) टोकं, थर्मोस्टॅट हाउसिंग, हीटर व्हॉल्व्ह आणि कोअर प्लग (इंजिन ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) तपासा. वॉटर पंपाच्या शाफ्टखाली बारीक भोक असतं. तिथे पांढरट-हिरवी खपली किंवा ओघळ दिसला, तर पंपाचं सील गेलं. पायाखालचं कार्पेट ओलं आणि काच आतून धुरकट, म्हणजे हीटरची जाळी गळतेय.

बाहेर काहीच दिसत नाही, तरी काटा उतरतोच? मग हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा, संशय घ्या. दाब भरून ठेवा, स्पार्क प्लग काढा आणि थोड्या वेळाने इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवा. स्पार्क प्लगच्या भोकातून पाणी उडालं की सिलिंडर सापडला. तोंड मात्र लांब ठेवा.

दुरुस्तीत बहुतेक वेळा होज बदलण्याआधी पाइपचं तोंडच साफ करावं लागतं. गंज तसाच ठेवून क्लिप आवळली तर नवा होजही गळतो. थर्मोस्टॅट हाउसिंगचा ॲल्युमिनियमचा चेहरा वाकला असेल, तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासा, जुनं गॅस्केट पूर्ण खरवडा. बशीसारखा कोअर प्लग मध्यावर ठोकून पसरवायचा; वाटीसारखा सगळीकडून सारखा दाब देत आत सरकवायचा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. भरताना हीटर व्हॉल्व्ह उघडा आणि गाडीचं नाक थोडं वर ठेवा, नाहीतर हवा अडकते. एकदा गरम करून गार होऊ द्या, क्लिपा पुन्हा आवळा, पातळी भरा आणि टेस्टर परत लावा.