मृत्युपत्रात शाळेसाठी काही ठेवायचंय? मग आधी हे बघा

सगळ्यात आधी नाव. आपण सरळ 'माझ्या शाळेला 2 लाख' लिहून मोकळे होतो, पण खासगी अनुदानित शाळा बहुतेक वेळा एखादी शिक्षण संस्था चालवते आणि कायद्याने पैसे घेणार ती संस्था, म्हणून ऑफिसात जाऊन संस्थेचं पूर्ण नाव, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर आणि पॅन मागून घ्या आणि मृत्युपत्रात तेच लिहा, पुढे शाळेचं नाव आणि गाव पण टाका, कारण एकाच संस्थेच्या दहा-दहा शाळा असतात.

मग कशासाठी ते. आमच्या शाळेत गणितात पहिल्या येणाऱ्याला कुणीतरी ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून 51 रुपये मिळायचे, तेव्हा त्यात कंपासपेटी यायची, आज वडापाव येतील फक्त. म्हणून आकडा बांधून टाकू नका, 'मुद्दल कायम ठेवून व्याजातून गरजू मुलांची फी, वह्या-पुस्तकं' असं लिहा, आणि 'हे शक्य नसेल तर शाळेच्या इतर शैक्षणिक कामासाठी' ही ओळ घालाच. शाळा बंद पडली तर काय तेही लिहा. मला तर ठरावीक रकमेपेक्षा टक्के बरे वाटतात, आजारपणात पैसे संपले तरी घरच्यांच्या वाट्याचं गणित बिघडत नाही.

साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण दुय्यम निबंधकाकडे करून टाकलेलं बरं. दोन साक्षीदार हवेत, तुम्ही सही करताना त्यांनी बघायचं आणि मग तुमच्यासमोर त्यांनी सही करायची. संस्थेच्या ट्रस्टींना साक्षीदार करू नका, उगाच संशयाला जागा. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. शेतजमीन द्यायची असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीच लिहू नका.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी तिकडचे पैसे द्यायचे असतील तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशातून देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) आहे का ते बघा.

आणि घरी सांगा हो! एफडीला मुलगा नॉमिनी असेल तर बँक पैसे त्याच्याच हातात देणार, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे खरं, पण मृत्युपत्राप्रमाणे ते शाळेपर्यंत पोचवायचं काम शेवटी त्यालाच करायचंय, त्याला हे आपल्या तोंडून कळू दे, वकिलाच्या पत्रातून नको.