अंतिम सामन्यांच्या तिकिटाचा वाजवी दर कसा ठरवावा

सोलापुरात कबड्डीची एखादी मोठी स्पर्धा अंतिम टप्प्यात आली, की सामन्यांच्या आधी तिकिटांवरचा वाद रंगू लागतो. शनिवारी संध्याकाळी उपांत्यपूर्व फेरी, रविवारी सकाळी उपांत्य आणि रविवारी रात्री अंतिम सामना असा बेत असतो. मैदान लहान असते आणि पाहणारे फार असतात. एक बाजू म्हणते की हा आपल्या मातीतला खेळ आहे, त्याला तिकीट कशाला हवे. दुसरी बाजू विचारते की पुण्या-मुंबईला जाऊन हजार रुपये मोजणारे लोक घरच्या मैदानावर शंभर रुपयांना का कुरकुरतात. दोघेही पोटतिडकीने बोलतात, पण मैदानातल्या किती जागा तिकीट-खिडकीवर येणारच नाहीत, हा आकडा बहुधा दोघांनाही ठाऊक नसतो. माझ्या अनुभवात दराचे भांडण हे निम्म्याहून अधिक वेळा फुकट पासांचे भांडण असते, आणि म्हणूनच दर ठरवण्याची सुरुवात दरापासून करू नये, असे माझे ठाम मत आहे.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या अंतिम रात्री मी तिकीट काढून गॅलरीत बसलो होतो. खिडकीवर दुपारीच ‘तिकिटे संपली’ अशी पाटी लागली होती आणि बाहेर मुलाला खांद्यावर घेतलेला एक यंत्रमाग कामगार आत सोडण्याची विनंती करत होता. आत मात्र मैदानाला लागून मांडलेल्या तीन रांगा मध्यंतरापर्यंत जवळजवळ रिकाम्या होत्या, कारण त्या मानाच्या पासांच्या होत्या आणि ज्यांना मान दिला होता ते आलेच नव्हते. तो माणूस परत गेला. त्या दिवसापासून अशा प्रत्येक बैठकीत मी पहिला प्रश्न पासांचा विचारतो.

बैठक आणि हिशेबाचा कागद

तिकिटे छापायला जाण्यापूर्वी किमान तीन आठवडे आयोजक आणि प्रेक्षक यांची एक बैठक घ्यावी. छापून झाल्यावर होणारी चर्चा ही चर्चा नसते, तक्रार असते. बैठकीला तालमी आणि क्रीडा मंडळांचे लोक येतातच. त्यांच्याखेरीज पूर्व भागातले कामगार, महाविद्यालयीन मुली, आणि अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून येणारे प्रेक्षक यांच्यापैकी कोणी तरी असलेच पाहिजे. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड घरोघरी बोलली जाते, तेव्हा हिशेब वाचून दाखवताना या भाषांत समजावून सांगणारा एखादा माणूस जवळ ठेवावा. ज्याला हिशेब कळला नाही, त्याची संमती गृहीत धरू नये.

बैठकीत एकच कागद सर्वांसमोर ठेवावा. त्यावर मैदानाचे भाडे, मॅट, गॅलरी उभारणी, दिवे आणि जनरेटर, पंचांचे मानधन, खेळाडूंचे जेवण आणि मुक्काम, बक्षिसे, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर आणि स्वच्छतागृहे असा सगळा खर्च लिहावा. त्याखाली प्रायोजकांकडून प्रत्यक्ष ठरलेली रक्कम लिहावी. पाण्याची ओळ वगळू नये, कारण सोलापूरकराला पाण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही, आणि आत पाणी फुकट नसेल तर पन्नास रुपयांचे तिकीट कुटुंबासाठी पन्नासाचे राहत नाही.

आता पास आणि दर यांचा संबंध उदाहरणाने पाहू. समजा खर्च ६,४०,००० रुपये आणि प्रायोजकांची रक्कम ३,६०,००० रुपये आहे, म्हणजे तिकिटांतून २,८०,००० रुपये उभे राहायला हवेत. बसण्याच्या जागा २,००० आहेत. विक्रीच्या जागांपैकी शनिवारी साठ टक्के, रविवारी सकाळी पन्नास टक्के आणि अंतिम सामन्याला सर्व भरतील, असा सावध अंदाज धरू. पास ७०० वाटले तर विक्रीला १,३०० जागा उरतात, तिन्ही सत्रांत मिळून २,७३० तिकिटे जातात आणि सरासरी दर सुमारे १०३ रुपये पडतो. पास ४०० केले तर तो ८३ वर येतो. पास १५० वर आणले तर विक्रीला १,८५० जागा येतात, एकूण ३,८८५ तिकिटे जातात आणि सरासरी ७२ रुपयांवर उतरते. खर्चातला एक पैसाही कमी न करता दर १०३ वरून ७२ वर आला. हे गणित फळ्यावर खडूने मांडावे, कारण ते डोळ्यांनी पाहिल्यावर बैठकीचा सूर बदलतो, असे मी पाहिले आहे.

२०११ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडे स्टेडियमवर झाला, तेव्हा सुमारे ३३,००० प्रेक्षकांच्या त्या मैदानातली जेमतेम ४,००० तिकिटे सर्वसामान्यांच्या विक्रीला आल्याच्या बातम्या होत्या. तिथे दर कितीही वाजवी असता तरी बहुतेकांना त्याचा उपयोग नव्हता. खेळाडूंचे कुटुंबीय, पंच, जुने खेळाडू आणि प्रायोजक यांना पास द्यावेतच, परंतु त्यांची संख्या तिकिटांच्या जाहिरातीतच छापावी, आणि सामना सुरू होण्यापूर्वी अर्ध्या तासापर्यंत पासधारक आला नाही तर ती जागा खिडकीवरच्या रांगेला द्यावी, असा नियम पासावरच लिहावा.

जागेवर बसून पाहावे

सरासरी कळली म्हणजे जागांचे दर वेगळे करता येतात. यासाठी कागदापेक्षा पाय उपयोगी पडतात. गॅलरी उभी राहिली नसेल तर तिच्या जागी स्टूल ठेवून त्यावर उभे राहावे आणि मैदानाकडे पाहावे. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, त्यामुळे जवळची जागा ती चांगली जागा असे सगळे समजतात. पण अगदी समोर खुर्चीवर बसलेल्याला पकडीच्या वेळी पाठीच दिसतात. मध्यरेषेच्या बाजूला, थोड्या उंचीवर बसलेल्याला चढाई करणाऱ्याचा पाय ‘निदान रेषा’ (चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा) ओलांडतो का, जादा गुण देणाऱ्या बोनस रेषेपलीकडे टेकतो का, हे नीट दिसते. मैदानाच्या टोकाकडच्या गॅलरीतून ते दिसत नाही. टोकाची जागा आणि मध्यरेषेची जागा यांना एकच दर लावणे हा अन्याय आहे, आणि केवळ खुर्चीला गादी आहे म्हणून तिला चौपट दर लावणे हाही अन्यायच आहे.

उन्हाचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. संध्याकाळचे सत्र पाच वाजता सुरू होणार असेल, तर पूर्वेच्या गॅलरीत बसलेल्यांचे तोंड पश्चिमेला असते आणि सूर्य मावळेपर्यंत त्यांच्या डोळ्यांवर ऊन येते. त्या गॅलरीचे तिकीट स्वस्त ठेवावे, किंवा सत्र सातला सुरू करावे. पण सत्र उशिरा सुरू केले की तालुक्याच्या प्रेक्षकाची शेवटची एसटी चुकते आणि त्याच्यासाठी तिकिटाचा खरा दर रिक्षा किंवा मुक्कामाच्या खर्चासह वाढतो. म्हणून वेळ ठरवण्यापूर्वी बसस्थानकावर जाऊन परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणाव्यात.

वरच्याच उदाहरणात १५० पास धरून दर असे बसतात. शनिवारी सरसकट ५० रुपये ठेवले तर १,११० तिकिटांचे ५५,५०० रुपये होतात आणि रविवारी सकाळी ३० रुपयांनी ९२५ तिकिटांचे २७,७५०. अंतिम सामन्याला सतरंजीवरच्या ५०० जागा ५० रुपयांना, गॅलरीतल्या १,००० जागा १०० रुपयांना आणि ३५० खुर्च्या २०० रुपयांना दिल्या तर १,९५,००० रुपये मिळतात. एकूण रक्कम २,७८,२५० होते आणि १,७५० रुपये कमी पडतात, ते चहा-वड्याच्या गाळ्यांच्या भाड्यातून सहज निघतात. खुर्चीचा दर २०५ करून हिशेब पूर्ण करू नये. खिडकीवर सुट्ट्या पैशांवरून होणारी खोळंबा-खोळंबी त्या पाच रुपयांपेक्षा महाग पडते.

सर्वांत स्वस्त तिकिटाला एक कसोटी लावावी, ती म्हणजे विडी वळणारी बाई किंवा यंत्रमागावरचा कामगार दोन मुलांना घेऊन आला, तर तिन्ही तिकिटे आणि येण्याजाण्याचा खर्च मिळून त्याच्या एका दिवसाच्या कमाईचा किती भाग जातो. अर्ध्याहून अधिक जात असेल तर तो दर माझ्या मते वाजवी नाही, मग हिशेबाच्या कागदावर तो कितीही बरोबर दिसो.

वरच्या टोकालाही एक मर्यादा आहे. क्रीडा सामन्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ आहे. संघटनेची मान्यता असलेल्या स्पर्धेत त्याच्या वर गेले की १८ टक्के कर लागतो, आणि आयपीएलसारख्या स्पर्धांच्या तिकिटांवर तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. स्थानिक स्पर्धेने पाचशेच्या आत राहावे.

दोन युक्तिवादांना उत्तर

बैठकीत एक अभ्यासू माणूस हमखास म्हणतो की मागणी इतकी असेल तर दर वाढवा, नाहीतर मधला पैसा काळाबाजारवाला खाईल. यात तथ्य आहे, आणि ते हसण्यावारी नेऊ नये. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फिफाने मागणीनुसार बदलणारे दर लावले तेव्हा याच विचाराचा आधार होता. परंतु चाहत्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये सर्व १०४ सामन्यांसाठी ६० डॉलरची काही तिकिटे ठेवावी लागली. काळाबाजार रोखण्याचे अधिक सरळ उपाय आपल्या हाती आहेत. एका माणसाला चारच तिकिटे द्यावीत. निम्मी तिकिटे मोबाइलवर आणि निम्मी नवी पेठ, अशोक चौक, एमआयडीसी अशा ठिकाणच्या खिडक्यांवर रोखीने विकावीत. ज्याला येणे जमत नाही त्याचे तिकीट रविवारी दुपारपर्यंत छापील किमतीला परत घेऊन पुन्हा विकावे. विम्बल्डनमध्ये लवकर निघालेल्या प्रेक्षकांच्या जागा आवारातच थोडक्या किमतीत पुन्हा दिल्या जातात आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. ही पद्धत आपल्याकडे पासांच्या रिकाम्या जागांना लावता येईल.

दुसरा युक्तिवाद सर्वच फुकट ठेवण्याचा. तो मनाला भावतो, पण प्रवेश फुकट असला की जागा धक्काबुक्की करणाऱ्याला मिळते आणि बायका-मुले, वृद्ध घरी राहतात. वीस-तीस रुपयांच्या तिकिटाने जागा ठरते, गर्दी मोजता येते आणि दारे वेळेवर बंद करता येतात.

एका गोष्टीला मात्र प्रेक्षकांनी ठाम नकार द्यावा: अंतिम सामन्याचे तिकीट हवे तर तिन्ही सत्रांचे घ्यावेच लागेल, ही सक्ती. सवलतीत एकत्र तिकीट जरूर ठेवावे, पण ज्याला रविवारी रात्रीच सुट्टी आहे त्याच्यावर शनिवारचा भार टाकू नये. आयोजक ऐकत नसतील तर लेखी निवेदन द्यावे आणि त्याला हिशेबाचा कागद जोडावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या हजारो चाहत्यांनी ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला मैदान सोडले आणि काही दिवसांतच मालकांनी तो दर मागे घेतला. त्यांची मागणी एका आकड्याची आणि सर्वांना समजणारी होती. आपली मागणीही तशीच असावी, उदाहरणार्थ ‘पास १५० पेक्षा जास्त नकोत’.

स्पर्धा संपल्यावर आठ दिवसांच्या आत तोच कागद पुन्हा बाहेर काढावा, अंदाजाच्या रकान्याशेजारी प्रत्यक्ष आकडे भरावेत आणि तो मैदानाच्या दारावर लावावा. शिल्लक उरली तर ती पुढच्या वर्षीच्या सतरंजीच्या तिकिटातून वजा करायची की मुलींच्या संघाच्या सरावासाठी द्यायची, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवलेले असावे, म्हणजे तेव्हा कोणाला विचारावे लागणार नाही.