मांजरासाठी विकतचं खाद्य निवडताना या चुका टाळा

सोलापुरात आता मांजराचं खाद्य शोधत हिंडावं लागत नाही. पेट शॉपमध्ये तर मिळतंच, मोठ्या किराणा दुकानांतही पाकिटं लावलेली असतात, आणि जे इथे मिळत नाही ते ऑनलाइन घरपोच येतं. मिळण्याची अडचण संपली आणि निवडण्याची सुरू झाली. बहुतेक जण पाकिटावरचं चित्र, किंमत आणि 'आमची मनी हेच खाते' एवढ्यावर खरेदी करतात. मला कुणी विचारलं की मी आधी पाकीट उलटं करायला सांगते. पुढची बाजू आपल्याला भुरळ घालायला छापलेली असते. मांजराच्या कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात असतं. शिवाय आपल्या गावात दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात: एप्रिल-मेचं चाळिशी ओलांडणारं ऊन आणि रोज न येणारं नळाचं पाणी.

कुत्र्याचं खाद्य मांजराला चालवणं

घरात दोन्ही प्राणी असले की ही चूक हमखास होते. कुत्र्याची मोठी गोण घरात असतेच, मांजर स्वतःच जाऊन तिच्यात तोंड घालतं, मग वेगळा खर्च कशाला, असं वाटतं. चार दाणे कधीतरी खाल्ले तर काही होत नाही. रोजचं जेवण तेच झालं तर मात्र नुकसान होतं.

मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक कुत्र्याच्या शरीरात सहसा तयार होतो, मांजराच्या शरीरात तो पुरेसा होत नाही, त्यामुळे अन्नातूनच मिळावा लागतो. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराला तेही जमत नाही. टॉरिन कमी पडलं तरी कितीतरी महिने वरून काहीच कळत नाही, आणि आत डोळ्याचा पडदा व हृदयाचे स्नायू खराब होत राहतात. १९८७ साली अमेरिकेत पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मांजरांचं हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजारामागे टॉरिनची कमतरता आहे. लक्षात घ्या, त्यातली मांजरं विकतचंच खाद्य खात होती. नंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि तो आजार खूप कमी झाला. म्हणून घटकांच्या यादीत टॉरिन आहे का, हे मी सगळ्यात आधी बघते.

प्रथिनांचा फरकही मोठा आहे. अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेच्या निकषाप्रमाणे, पाण्याचा अंश वजा करून, मोठ्या मांजराच्या खाद्यात किमान २६ टक्के प्रथिनं लागतात आणि पिल्लाच्या खाद्यात ३०. मोठ्या कुत्र्याला १८ पुरतात.

सुटं खाद्य घेणं

गोणीतून काढून प्लास्टिकच्या पिशवीत किलोवर मिळणारं खाद्य स्वस्त पडतं. दुकानदाराला तारीख विचारली तर "घेऊन जावा की, सगळेच नेतात" असं उत्तर येतं. पण त्या पिशवीवर घटक नसतात, तारीख नसते, बॅच नंबर नसतो. मांजर आजारी पडलं तर नेमकं काय खाल्लं हे डॉक्टरांना सांगता येत नाही. ते खाद्य मांजराचं होतं की कुत्र्याचं, हेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही.

त्यात आपली उष्णता. ड्राय फूडच्या दाण्यांवर चव यावी म्हणून शेवटी चरबीचा थर फवारलेला असतो. हवा आणि उष्णता लागली की ही चरबी खराब होऊ लागते. पत्र्याखाली मे महिनाभर उघडी राहिलेली गोण कशी होत असेल याचा विचार करा. दाणा हातात घेऊन मोडा आणि वास घ्या. जुन्या शेंगदाण्यांना येतो तसला खवट वास आला तर घेऊ नका. दाणे एकमेकांना चिकटलेले असतील, जाळी किंवा भुरी दिसत असेल तर फुकट दिलं तरी नको. धान्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर घाव घालतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

घरीही हेच नियम. एक मांजर असेल तर सात किलोची गोण स्वस्त पडत असली तरी आणू नका. फोडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच पाकीट घ्या. दाणे डब्यात ओतण्यापेक्षा पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे तारीख आणि बॅच नंबर हाताशी राहतो आणि डब्याच्या कडांना साचलेल्या जुन्या तेलकटपणाचा वास नव्या खाद्याला लागत नाही. डबा गॅसच्या ओट्याजवळ किंवा गच्चीच्या जिन्यात नको.

टक्केवारी वाचताना होणारी गफलत

ही चूक शिकलेली माणसंही करतात. ड्राय फूडच्या पाकिटावर 'क्रूड प्रोटीन ३२ टक्के' असतं, ग्रेव्हीच्या पाउचवर ९ टक्के. साहजिकच पाउच फालतू वाटतो. पण पाउचमध्ये ८२ टक्के पाणी आहे. पाणी काढून टाका: उरले १८ भाग, त्यात ९ प्रथिनं, म्हणजे ५० टक्के. ड्राय फूडमध्ये पाणी १० टक्के, उरले ९०, त्यात ३२, म्हणजे साधारण साडेपस्तीस टक्के. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा हिशोब आहे: शंभरातून 'मॉइश्चर'चा आकडा वजा करा, उरलेल्या आकड्याने प्रथिनांना भागा आणि शंभराने गुणा. दोन पाकिटांची तुलना हा हिशोब केल्याशिवाय करूच नये.

पण नुसत्या आकड्यावरही विसंबू नका. क्रूड प्रोटीन म्हणजे नायट्रोजन मोजून काढलेला अंदाज. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन मिसळलेलं सापडलं. प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठीच ते घातलं होतं, आणि त्यात मूत्रपिंड निकामी होऊन कित्येक मांजरं-कुत्री दगावली. म्हणून आकड्यासोबत यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, मासे, चिकन मील (चिकन सुकवून केलेली पूड) असं प्राणिजन्य काही हवं. मका, तांदूळ, सोया वरच्या सगळ्या जागा अडवून बसले असतील तर मी ते पाकीट परत ठेवते.

'ग्रेन फ्री' लिहिलंय म्हणून दुप्पट पैसे मोजायची मात्र गरज नाही. धान्याऐवजी त्यात बहुतेक वेळा बटाटा किंवा वाटाणा असतो.

खाऊलाच जेवण समजणं

ट्यूबमधून पिळून द्यायची क्रीम, कुरकुरीत ट्रीट, नुसते ट्यूनाचे तुकडे असलेले डबे हे खाऊ आहेत. मांजर त्यावर तुटून पडतं, म्हणून लोक तेच दोन्ही वेळा द्यायला लागतात. पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलंय की 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट' असं काही, एवढं बघा. पहिलं असेल तर पोट भरायला द्या. दुसरं असेल तर दिवसाच्या खाण्यातला दहावा हिस्सा, त्याहून जास्त नको.

त्याच जागी वयही छापलेलं असतं. पिल्लू वर्षाचं होईपर्यंत किटन फूड, नंतर ॲडल्ट. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि गरज घटते, तेव्हा मात्रा कमी करा.

घरचं वर घालून समतोल बिघडवणं

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अगं, भाकरी-दुधावर आमच्या गावाकडं पिढ्या पोसल्या मांजराच्या." खरंय काकू, पण ती मांजरं रात्रभर उंदीर, पाली, चिमण्या मारून खात होती. भाकरी वरची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठून मिळणार? आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यांना जुलाब होतात.

चांगलं खाद्य आणायचं आणि वर मटणाचा रस्सा ओतायचा, हे तर सरळ धोक्याचं. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, वाटून, पावडर करूनही तो गुण जात नाही. शेंगाची चटणी लागलेला भाकरीचा तुकडासुद्धा नको. रोज कलेजी देणाऱ्यांनीही थांबावं. अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाऊन मानेची आणि मणक्याची हाडं आखडतात. द्यायचंच असेल तर मीठ-मसाला न घालता उकडलेला, काटे काढलेल्या चिलापी माशाचा किंवा चिकनचा बोटाएवढा तुकडा.

ज्या घरात मांस आणलं जात नाही, तिथे विकतच्या खाद्याचा फार मोठा आधार आहे. मांजराला शाकाहारी करायचा आग्रह मात्र धरू नका, ते तिच्या शरीराला झेपत नाही. वेगळी वाटी, वेगळा चमचा, बाल्कनीतली जागा ठरवून ड्राय फूड दिलं तर घराचं वळणही राहतं आणि मांजराचं पोषणही होतं.

पाण्याचा विचार न करणं

सोलापुरात मला ही चूक सगळ्यांत महागात पडणारी वाटते. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. शिकारीच्या मांसातलं पाणी त्यांना बरंचसं पुरायचं, त्यामुळे तहान लागूनही मांजर कमीच पिते. तिला वर्षभर नुसतं ड्राय फूड दिलं, त्यात उन्हाळा आला, की लघवी घट्ट होते आणि खडे व्हायचा धोका वाढतो.

परवडत असेल तर दिवसातलं एक जेवण वेट फूडचं करा. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. ड्राय फूडच्या शंभर ग्रॅममध्ये ३५० ते ४०० असतात, म्हणजे नुसतं ड्राय असेल तर साठ ग्रॅमच्या आसपास पुरे. पाउच दिला तर त्याच्या कॅलरी बघून तेवढं ड्राय कमी करा. वाटीच्या अंदाजापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. वेट फूड मे महिन्यात तासभर बाहेर राहिलं की टाकून द्या. फ्रिजमधला उरलेला पाउच तसाच दिला तर मांजर तोंड फिरवते. तो पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वास सुटला की खाते.

पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, खाण्याच्या वाटीपासून आणि शी-शूसाठी माती भरलेल्या ट्रेपासून लांब ठेवा. मिशा कडेला लागणार नाहीत असं पसरट भांडं हवं. नळ तीन-चार दिवसांनी आला तरी मांजराचं पाणी रोज बदला, आणि पिंपाच्या तळातलं देऊ नका. जे आपण पितो तेच द्या.

काही बिघडलं तर

नवं खाद्य सुरू केल्यावर पातळ संडास झाली तर बहुतेक वेळा दोष खाद्याचा नसून घाईचा असतो. आधीचं तीन हिस्से आणि नवं एक, मग निम्मं-निम्मं, असं करत सात ते दहा दिवसांत बदल करा. खाल्ल्या खाल्ल्या अख्खे दाणे ओकून टाकत असेल तर ती भराभर खातेय, तेव्हा थोडं थोडं चार वेळा द्या. दोन-अडीच महिने चांगलं खाद्य देऊनही केस रूक्ष राहिले, कोंडा दिसला, किंवा भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर आणखी ब्रँड बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जाताना पाकीट सोबत न्या, निदान मागच्या बाजूचा फोटो तरी.

नवं आवडलं नाही म्हणून "भूक लागली की खाईल" असा हट्ट मांजरापाशी चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिली, विशेषतः जाड मांजर, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर जुनं खाद्य परत द्या, तेही नाकारलं तर दवाखाना गाठा.

आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, ओरडतोय, पण लघवीचे थेंबच येतायत किंवा काहीच येत नाही, असं दिसलं तर तो बद्धकोष्ठ समजून तूप किंवा एरंडेल पाजू नका. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी सकाळची वाट न बघता प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि निघा. बरा झाल्यावर कोणतं खाद्य द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण खडा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ते अवलंबून असतं.