जॉइनिंग लेटरवर सही करण्याआधी या चुका टाळा

रविवारी सकाळी भाच्यानं मोबाईल पुढे केला. "मावशी, चार लाख ऐंशी हजारांचं पॅकेज! महिन्याला चाळीस पडणार. उद्या सही करून पाठवतो." नोकरी पुण्यात, कंपनीचं मुख्य ऑफिस बेंगळुरूला, पीडीएफ बारा पानांची. त्यातलं त्यानं पहिलं पान तेवढं वाचलं होतं. मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत अकरा वर्षं एचआरमध्ये काढली. अशी पत्रं मीच तयार करायचे, आणि न वाचता सही करणारी पोरं रोज समोर बसायची. चहा ठेवला आणि शेवटचं पान उघडलं, कारण पगाराचा तक्ता तिथे असतो.

सीटीसी म्हणजे पगार समजणं

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. इथे तो महिन्याचे चाळीस हजार. त्यातले ४,००० 'व्हेरिएबल', म्हणजे वर्षअखेरीला, तेही कामगिरी बघून. बेसिक, म्हणजे मूळ पगार, २०,०००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ २,४०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे ९६२, हेही त्याच चाळिसात धरलेले. उरले ३२,६३८. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात येतात ३०,०३८. पोरानं मात्र चाळीस धरून पुण्यातल्या खोलीचं भाडं ठरवून टाकलं होतं.

पीएफ आपलाच आहे, तो कुठे जात नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मात्र कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यानुसार ठरावीक मुदतीच्या नोकरीत ती एका वर्षानंतरही मिळते. त्याच संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले, तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते. म्हणून तक्त्यात बेसिक तीस-पस्तीस टक्केच दिसलं, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी नक्की कशावर मोजणार ते विचाराच. व्हेरिएबलबद्दल तीन प्रश्न: कशावर ठरतो, कोणत्या महिन्यात मिळतो, आणि मधेच नोकरी सोडली तर मिळतो का.

नोटीस पिरियड नुसता नजरेखालून घालणं

माझ्या मते पगाराच्या आकड्यापेक्षा हे कलम जास्त महत्त्वाचं. भाच्यानं सोडायचं तर ९० दिवस आधी कळवायचं, कंपनीनं काढायचं तर ३०. ९० दिवस थांबायला पुढची कंपनी तयार नसते, मग पैसे भरून सुटायची वेळ येते. ते पैसे बेसिकवर मोजले तर ६०,०००, ग्रॉसवर, म्हणजे कपातीआधीच्या ३२,६३८ वर मोजले तर ९७,९१४. पत्रात 'वेतन' एवढंच लिहिलं होतं. शिवाय पैसे भरून सोडायचं की नाही, हे 'कंपनीच्या मर्जीनुसार'. म्हणजे पैसे घेऊन उभं राहिलं तरी सुटका नाही.

प्रोबेशनही इथेच बघा. सहा महिने संपले की आपोआप कायम होणार, की पत्र मिळेपर्यंत प्रोबेशनच चालू राहणार?

"बाँड काय कोर्टात टिकत नाही" यावर विसंबणं

उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत हे वाक्य कानावर येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर भरपाई द्या, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. प्रत्येक बाँड टिकेलच असं नाही, कारण भरपाई वाजवी असावी लागते. पण ती वाजवी नाही हे सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या त्या तुम्हीच.

म्हणून बाँड असेल तर दोन गोष्टी मागा: ट्रेनिंगवर नेमका काय खर्च होणार ते लेखी, आणि जितके महिने काम केलं तितकी रक्कम कमी होत जाणारी अट. सही केलेला कोरा चेक मात्र कुणालाही देऊ नका. तो वटला नाही तर तो कुठलंही देणं फेडण्यासाठी दिलेला नव्हता, हे शाबीत करायची जबाबदारी चेक देणाऱ्यावर येते.

भाच्याच्या पत्रात वाद फक्त बेंगळुरूच्या कोर्टात, असंही होतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, म्हणून आता सगळं इथेच चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. पण नोकरीच्या करारातली अशी अट सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये मान्य केली आहे. कंपन्या हे कलम सहसा बदलत नाहीत. त्यावर ताकद घालवू नका, फक्त माहीत असू द्या.

फोनवरच्या शब्दावर राहणं, किंवा काहीच न मागणं

"मागितलं तर ऑफर जाईल" ही भीती आपल्याकडच्या पोरांना फार. नीट शब्दांत दोन गोष्टी मागितल्या म्हणून मी कधी कुणाची ऑफर काढून घेतली नाही. पंधरा गोष्टींची यादी पाठवणाऱ्याचा मात्र साहेबांना राग यायचा. म्हणून दोनच मागा, ईमेलवर मागा आणि आकडा सांगा. "सहा महिन्यांनी पगाराचं बघू" असं फोनवर कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाका. शब्द देणारे साहेब उद्या दुसऱ्या कंपनीत असतील.

भाच्यानं पाठवलं ते असं: "ऑफरबद्दल आभार. मला यायचं आहे. दोन विनंत्या आहेत: नोटीस पिरियड दोन्ही बाजूंनी ६० दिवस असावा, आणि नोटीसऐवजी पैसे भरायचे झाल्यास ते बेसिकवर मोजावेत. दुरुस्त पत्र मिळताच सही करून पाठवतो." तीन दिवस उत्तर नाही. पोरगं जेवेना. मग दुरुस्त पत्र आलं: ६० दिवस दोन्हीकडून मान्य, बेसिकचं नाही.

सही होऊन गेली असेल तर

आधी दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत मागून घ्या. ऑफर लेटर आणि नंतरचा करार यांत फरक दिसला, तर जॉइन होण्याआधी ईमेलनं विचारा. पहिला पगार घेतल्यावर तोंड उघडणं अवघड होतं. पीएफ खरोखर भरला जातोय का, ते यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, टाकून पासबुकात बघत जा. बाँडची नोटीस आली तर घाबरून पैसे भरू नका आणि गप्पही बसू नका. वकिलाला कागद दाखवून लेखी उत्तर द्या.

आणि मूळ सर्टिफिकेट दिलं असेल तर पोचपावती घ्या, परत मागणारा ईमेल आजच टाका. पहिल्या नोकरीत मी डिग्रीचं मूळ सर्टिफिकेट 'जमा' केलं होतं, पावती घेतली नव्हती. ते परत मिळायला पाच महिने लागले, आणि त्यात एका सरकारी भरतीची कागदपत्रं तपासणी हुकली.